आवाज आतून येतोय

सायकलीइतकं उघडं यंत्र माणसाने दुसरं बनवलेलं नाही. घड्याळाला झाकण असतं. शिवणयंत्राच्या पोटात काय चाललंय ते शिंप्यालाही नीट ठाऊक नसतं. मोटारीचं बॉनेट उचललं तर खाली आणखी झाकणं निघतात. सायकलीचं मात्र सगळं चव्हाट्यावर. साखळी दिसते, तारा दिसतात, ब्रेकचे गज कुठून निघून कुठे जातात तेही दिसतं. त्यामुळे सायकल बिघडली की तिच्यावर बोलायला कसलीच पात्रता लागत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक हात जोडून उभं असतं, सायकलच्या दुकानात रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही थांबून, पंक्चर काढण्यात हयात घालवलेल्या कारागिराला सांगतो, "तिथे काय शोधताय? व्हॉल्व्हपाशी बघा."

या उघड्यावाघड्या संसारात खरी अंधारी जागा एकच. सीटखालून उतरणारा दांडा, हँडलकडून तिरका येणारा दांडा आणि मागच्या चाकाकडे जाणारे दोन बारीक दांडे जिथे भेटतात, तिथे एक आखूड आडवी नळी असते. तिच्या आरपार एक्सल, एक्सलच्या दोन टोकांना क्रँक, क्रँकना पायडल. नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे दोन कप आणि कपांत अकरा-अकरा छर्रे. या सगळ्या ऐवजाला कारखान्यात बॉटम ब्रॅकेट म्हणतात, दुकानात बीबी. चाकांचे हबही बंदच असतात, पण चाक उचलून फिरवलं की ते आपली हकीकत सांगतात. बीबी सांगत नाही. स्वार, त्याचं दप्तर, कॅरिअरवरचा नारळ आणि चढावरचा त्रागा, या सगळ्यांचा भार ती पायडलमार्गे झेलते आणि सहन होईनासं झालं की एवढंच म्हणते: "कट्."

माणसांना मतं दिसणाऱ्या गोष्टींवर कमी आणि न दिसणाऱ्यांवर जास्त असतात, हा माझा सिद्धांत. देव, शेअर बाजार, शेजाऱ्यांचं उत्पन्न आणि सायकलची बीबी. पैकी चौथ्या विषयावरचं परिपूर्ण चर्चासत्र मी कर्नाटकात ऐकलं.

बँकेच्या नोकरीत बदली होते, आणि ती आपण नकाशात शोधावं अशा गावीच होते. माझी झाली ती मैसूरहून मानंदवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी. पूर्ण नाव हेग्गडदेवनकोटे. ते पुरतं उच्चारेपर्यंत बस सुटते, म्हणून सगळे एच. डी. कोटे म्हणतात, फारच घाईत असलेले नुसतं कोटे. रानात कापूस आणि तंबाखू, एका अंगाला कबिनी धरणाचं पाणी, पलीकडे नागरहोळेचं जंगल. घरच्यांनी "भंगारात घाला" असा ठराव एकमताने मंजूर केलेली वडिलांची जुनी पोलादी सायकल मी पुण्याहून सामानाच्या ट्रकमध्ये घालून इथे आणली. आणि इथल्या पहिल्याच चढावर तिने तोंड उघडलं.

कोट्यात सायकलचं दुकान चालतं ते शाळेच्या जिवावर. कर्नाटक सरकारने 2006-07 पासून बरीच वर्षं आठवीतल्या मुलामुलींना सायकली वाटल्या. त्यामुळे इथल्या कारागिराचं बरंचसं गिऱ्हाईक चौदा वर्षांचं, गणवेशातलं आणि उधारीवरचं असतं. चेन उतरली, ब्रेकची रबरं गेली, मागे दोन मैत्रिणी बसवल्यामुळे रिम वाकली, असे रोजचे खटले. त्यात माझी चोवीस इंची फ्रेम, गजाचे ब्रेक आणि पूर्ण चेनकव्हर असलेली सायकल दारात उभी राहिली तेव्हा दुकानाचे मालक उठून उभे राहिले. माझ्यासाठी नव्हे.

त्यांना सगळे भाई म्हणतात. ते गिऱ्हाइकाशी कानडी बोलतात, हत्यारांशी दखनी, आणि माझ्याशी या दोहोंचं मिश्रण, ज्यात "नक्को" ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. भाईंनी सायकल स्टँडवर घेतली, दोन्ही क्रँक दोन हातांत धरून आडव्या हलवल्या. ही खरी तपासणी. एकच क्रँक हलली तर कॉटर ढिला. दोन्ही मिळून हलल्या तर एक्सल आणि कप गेलेले. दोन्ही मिळून हलल्या. "बीबी गई सार," भाई म्हणाले. निदान संपलं.

पण निदान झालं म्हणून चर्चा थांबवायची अशी पद्धत आपल्या देशात कुठेच नाही. शेजारच्या हॉटेलातून कॉफीचे ग्लास घेऊन माणसं आली. त्यांत निवृत्त शाळामास्तर होते, ज्यांना गाव मेष्ट्रू म्हणतं. खताच्या दुकानाचे मालक होते. पांढरा पंचा खांद्यावर टाकलेले एक ताता, म्हणजे आजोबा, होते, ज्यांचं वय विचारायचं धाडस कोणी करत नाही. मला कानडी फार येत नाही. गरजही पडली नाही. सदाशिव पेठेत दुरुस्तीच्या वेळी भोवती जमणारी मंडळी जे म्हणतात तेच ही मंडळी म्हणत होती; हातवारे तेच, मान हलवणं तेच. एकाचं म्हणणं, आवाज पायडलचा. दुसऱ्याच्या मते सीटच्या स्प्रिंगचा. तिसऱ्याने हँडलला कान लावला आणि डोळे मिटले. यात त्यांचा दोष नाही. पोलादी नळ्या आवाज इकडून तिकडे वाहून नेतात. बीबीत झालेला "कट्" सीटखाली ऐकू येतो आणि सीटखालचा हँडलमध्ये. त्यामुळे ज्याने जिथे कान लावला त्याला तिथे पुरावा मिळाला. शेवटी तातांनी काठी टेकवत निकाल दिला, "ओळगिंद बरुत्ते." आतून येतोय. यावर वाद संपला, कारण "आत" कुठे ते त्यांनी सांगितलंच नाही.

मग निघाला सायकलीच्या कुळाचा प्रश्न. हँडलखालचा कंपनीचा पितळी बिल्ला माझ्या वडिलांच्या काळातच कोणीतरी लांबवला होता, त्यामुळे मैदान मोकळं होतं. खतवाले म्हणाले, ही मद्रासची हर्क्युलीस. म्हणजे अंबत्तूरच्या कारखान्यातली, जो 1949 साली मुरुगप्पा घराण्याने इंग्रज कंपनीच्या भागीदारीत काढला. दक्षिणेत सायकल म्हणजे हर्क्युलीस, असं त्यांचं म्हणणं, आणि "दुसरी असूच कशी शकेल" असा चेहरा. मेष्ट्रू ॲटलासवर ठाम होते. ॲटलास सोनीपतची, 1951 सालची. तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला आणि तो दिवस जागतिक सायकल दिन होता, ही माहिती त्यांनी इतक्या दुःखाने सांगितली की सायकल ॲटलास नाही असं म्हणणं निर्दयपणाचं झालं असतं. मी महाराष्ट्राची बाजू मांडायची म्हणून वरळीच्या हिंद सायकलचं नाव पुढे केलं. हिंद आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन आजारी कंपन्या ताब्यात घ्यायला संसदेने 1980 साली चक्क कायदा केला होता, दोघींचं नाव एकाच शीर्षकात.  आपल्या बीबीवर एकदा दिल्लीतही चर्चा झाली होती, ही कल्पना सगळ्यांना आवडली. भाईंनी मात्र नळी पुसून एवढंच म्हटलं, "नाम कुछ भी होने दो सार, आटा एकीच है."

आणि हे खरं होतं. त्याचं श्रेय जातं ते एका बंदुकीच्या कारखान्याला. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही कंपनी 1861 साली बंदुका बनवायला निघाली आणि पुढे सायकलींत शिरली; तिच्या बोधचिन्हात तीन बंदुका अजून उभ्या आहेत. तिचं माप जगभर चाललं: नळी 68 मिलिमीटर रुंद, कपाचा व्यास 1.37 इंच, इंचाला 24 आटे. हे 1.37 कुठून आलं असं विचारू नये. इंग्रजांच्या मापांना कारणं नसतात, वारस असतात. त्यातही नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या सायकलींना इंचाला 26 आटे ठेवले, का, तर रॅले आहोत म्हणून. इटालियन लोकांनी कप 36 मिलिमीटरचा आणि नळी 70 ची केली. फ्रेंचांनी 35 मिलिमीटर धरलं. दोन पायांनी चालवायच्या यंत्रात इतके पंथ निघाले, तरी लुधियानात कापलेला नवा कप कोट्यातल्या माझ्या नळीत बसतो, याला मी विसाव्या शतकातलं सर्वांत यशस्वी परराष्ट्र धोरण मानतो.

आधी कॉटर काढायचे होते. क्रँक एक्सलला धरून ठेवणारी ही लोखंडी पाचर. तिची एक बाजू उतरती घासलेली असते आणि टोकाला नट. चालवताना ती वर्षानुवर्षं आत रुतत जाते, गंजते आणि शेवटी तिला तिथेच आवडू लागतं. इथे सल्लागारांचे दोन पक्ष पडतात आणि ते सर्वत्र तेच असतात. एक पक्ष तेलाचा: रॉकेल घाला, खोबरेल घाला, रात्रभर ठेवा, "नाळे", म्हणजे उद्या, बघू. दुसरा पक्ष हातोडीचा: "होडि!" म्हणजे ठोका! तेलवाले स्वभावाने सज्जन असतात आणि त्यांच्या सायकली वर्षभर दुकानात पडून असतात. हातोडीवाले कामं उरकतात, पण नुसतं ठोकलं की कॉटरच्या टोकाचे आटे चेपून त्याची छत्री होते; मग ड्रिल मशीन आणावं लागतं आणि हातोडीवाल्यांना घरी काम निघतं.

भाई कुठल्याच पक्षात नव्हते. त्यांनी नट काढला नाही, दोन फेरे सैल करून टोकावरच ठेवला, म्हणजे मार नटावर बसेल आणि आटे वाचतील. क्रँकखाली जाड लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवला, म्हणजे धक्का छर्‍यांवर न जाता थेट जमिनीत जाईल. मग एकच घाव. कॉटर सुटला. खतवाल्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू घाव त्यांनी घातला होता.

डाव्या बाजूचा कप सभ्य असतो. त्याच्यावर खाचांची एक रिंग असते. ती सैल केली की कप नेहमीच्या दिशेने सुटतो. उजवा कप, साखळीच्या बाजूचा, हा खरा मानकरी. तो कारखान्यात एकदा बसवतात आणि मग त्याला कोणी हात लावू नये अशी अपेक्षा असते. त्याला धरायला पानाही धड मिळत नाही. कडेला दोन सपाट खाचा, त्याही बोटभर जाडीच्या नाहीत. आणि त्याचे आटे उलटे. सगळी दुनिया डावीकडे फिरवून सुटते, हा उजवीकडे.

"उलटे आटे?" खतवाले म्हणाले. "पण उजवं पायडल सरळ आट्याचं असतं!"

असतं. उजवं पायडल सरळ, उजवा कप उलटा. डावं पायडल उलटं, डावा कप सरळ. ही रचना परीक्षेत नापास करण्यासाठीच केली असावी असं वाटतं, पण मेष्ट्रूंच्या अंगात अचानक तास संचारला. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, डाव्या हाताची मूठ सैल करून तिच्यात घातली आणि पेन्सिलीचं वरचं टोक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल गोल हलवलं. मुठीला घासत पेन्सिल स्वतःभोवती हळूहळू उलट्या दिशेने वळू लागली. भोकात सैल बसलेल्या गोष्टीवरचा दाब गोल फिरू लागला की ती गोष्ट विरुद्ध दिशेला सरकते. पायडलचा एक्सल असा क्रँकच्या भोकात सरकू पाहतो. कप आणि एक्सल यांच्यात मात्र मध्ये छर्रे येतात, तेवढ्याने दिशा पालटते. म्हणून पायडलला जो आटा, त्याच्या उलटा कपाला. इटालियनांनी दोन्ही कप सरळ आट्याचे केले आणि त्यांचा उजवा कप चालवता चालवता सुटायची ख्याती मिळवून बसला. सौंदर्यासाठी ते लोक काहीही सोसतात. मेष्ट्रूंनी पेन्सिल खिशात ठेवली तेव्हा एका शाळकरी मुलीने टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी कळलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

सिद्धांत समजला तरी कप हलेना. छिन्नी लावावी असं एक मत पडलं. शेकावा असं दुसरं. मग ताता बोलले. त्यांचे वडील काकनकोट्याच्या खेड्ड्यात हाकारे होते. मैसूरच्या महाराजांच्या काळात रानहत्तींचे कळप ढोल वाजवत, मशाली दाखवत नदीकडे हाकायचे आणि कुंपणात घ्यायचे. शेवटचा खेड्डा 1971 साली झाला, मग कबिनीचं धरण आलं. तातांचं म्हणणं असं: हत्तीला कोणी ओढत नाही. हत्ती जिथे उभा आहे तिथे राहू द्यायचा आणि भोवतालचं जंगल हलवायचं.

यावर मंडळी आदराने हसली. भाई हसले नाहीत. त्यांनी टेबलाला बसवलेल्या व्हाइसचा जबडा उघडला, अख्खी फ्रेम आडवी करून उजवा कप खाली आणला, त्याच्या दोन सपाट खाचा जबड्यात घट्ट आवळल्या आणि म्हणाले, "अब सायकलकू फिराना."

कप जागेवर, सायकल भोवती. फ्रेमच्या लांब दांड्यांइतकी मोठी पान्याची मूठ कुठल्याच कारखान्यात मिळत नाही. फक्त फिरवायची कुठल्या बाजूला, यावर पुन्हा दोन तट. कप खालून बघितला तर एक दिशा, वरून बघितला तर दुसरी. खतवाले खरंच टेबलाखाली जाऊन वर बघत होते. भाईंनी वाद मिटवला: "देवळात जैसा घूमते ना सार, वैसा." मग मी हँडलची बाजू धरली, मेष्ट्रूंनी मागची, आणि आम्ही माझ्या वडिलांच्या सायकलीला धरून व्हाइसभोवती प्रदक्षिणा घालायला लागलो. पाव फेऱ्यात कर्र झालं, अर्ध्या फेऱ्यात कप सुटला. एका बाईंनी जाता जाता हात जोडले. आत कोणता देव आहे ते त्यांनीही विचारलं नाही.

बाहेर आलेला माल बघून सगळ्यांचं समाधान झालं, कारण प्रत्येकाचं म्हणणं खरं ठरलं होतं. छर्रे गोल उरले नव्हते. कपांत खड्डे पडले होते. एक्सलवर छर्‍यांनी आपली वहिवाट खोदली होती. ग्रीसचं तर डांबर झालं होतं. त्यात थोडी वाळू, दोन काड्या आणि पुण्याच्या कुठल्याशा पावसाळ्याचा चिखल. नवा सेट भाईंकडे डब्यात होताच, आणि त्याची किंमत तोवर मंडळींनी माझ्या खात्यावर प्यायलेल्या कॉफीपेक्षा कमी निघाली.

बसवणं मोडण्यापेक्षा सोपं आणि म्हणूनच चर्चेला वाव कमी. कपांत ग्रीस भरलं, ग्रीसमध्ये छर्रे एकेक करून चिकटवले. एक छर्रा घरंगळला आणि लोकशाहीतले सगळे मतभेद विसरून सगळे गुडघ्यांवर बसले. तो तातांच्या चपलेखाली मिळाला. ताता म्हणाले, मला माहीत होतं.

मग शेवटची गोष्ट: डावा कप किती आवळायचा. जास्त आवळला तर छर्रे चिरडतात आणि पायडल जड. कमी आवळला तर पुन्हा "कट्". आवळायचा, थोडा सोडायचा, रिंग घट्ट करायची. रिंगबरोबर कप जरासा फिरतो, म्हणून पुन्हा सोडायचं. इथे मंडळींनी एकसुरात एकच सूचना केली, जी कर्नाटकात रांगेत, बसमध्ये आणि सत्तेतल्या भागीदारीतही चालते: "स्वल्प ॲडजस्ट माडि." सगळ्या दिवसातला तो एकमेव सल्ला होता जो शब्दशः बरोबर होता. भाईंनी तो ऐकला नाही. ते आधीच तेच करत होते.

मी एक चक्कर मारून आलो. आवाज नव्हता. दुकानापुढे थोडी अस्वस्थता पसरली. चालतं यंत्र आणि रिकामी कॉफी यांच्याकडे बघत माणसं उगाच उभी राहिली. खतवाल्यांनी मागच्या चाकाकडे संशयाने पाहिलं, पण त्यांचं मन त्यात नव्हतं.

तेवढ्यात बंगळूरहून कबिनीकडे निघालेला एक तरुण हवा भरायला थांबला. हेल्मेट, काळा चष्मा, आणि दोन बोटांवर तोलता येईल अशी कार्बनची सायकल. तिची किंमत त्याने इंग्रजीत सांगितली, कारण मातृभाषेत तोंडातून निघाली नसती. माझ्या सायकलीकडे बघून त्याने आपुलकीने सल्ला दिला, की हे छर्रे-बिर्रे सोडा, आता सीलबंद बेअरिंग मिळतं, ते टाका, कटकट संपली. मग तो आपल्या सायकलवर चढला, पायडलवर जोर दिला, आणि दुकानासमोर स्पष्ट ऐकू आलं: "कट्."

मंडळी वळली. मेष्ट्रूंनी चष्मा पुसला. खतवाल्यांनी कॉफीची नवी फेरी सांगितली, या वेळी त्या तरुणाच्या खात्यावर. ताता उठून जवळ गेले, काठी टेकली, कार्बनच्या दांड्याला कान लावला आणि म्हणाले, "ओळगिंद."

"याला आटे किती?" मेष्ट्रूंनी इंग्रजीत विचारलं.

तरुण ओशाळून म्हणाला, आटे नाहीतच. 2000 नंतर कंपन्यांनी आटे काढून टाकले, बेअरिंग नुसतं दाबून बसवायला लागल्या. मग सगळ्या जगात त्या सायकली कुरकुरू लागल्या, आणि आता बऱ्याच कंपन्या गुपचूप पुन्हा आटे कापायला लागल्यात. याची सायकल मधल्या काळातली.

दुकानात क्षणभर कोणी बोललं नाही. आटे नाहीत म्हणजे उलटे की सुलटे हा प्रश्न नाही, कॉटर नाही म्हणजे तेल की हातोडी हा प्रश्न नाही. आत काय आहे ते तर अजिबातच दिसत नव्हतं. इतका मोकळा विषय कोट्यात याआधी आला नव्हता.

भाईंनी हात पुसले, क्रँकखाली टेकवायचा लोखंडी नळीचा तुकडा पुन्हा उचलला आणि प्रेमाने विचारलं, "तो सार, इसकू अंदर से ठोकना, के बाहर से?"

हवा न भरताच तो तरुण कबिनीच्या दिशेने जो गेला, त्या वेगाने त्या रस्त्यावर आजवर फक्त हत्ती बघितलेली माणसं गेली आहेत.